यंत्र करते, मग आपण शिकायचे कशासाठी? : तंत्रज्ञान, कौशल्य आणि उमेद यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिशेब करणारे, पत्र लिहून देणारे, वाट दाखवणारे आणि निदान सुचवणारे यंत्र आता बहुतेकांच्या खिशात आहे. त्यामुळे पालक, शिक्षक, नोकरदार आणि कला शिकणारे विद्यार्थी काही प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांची उत्तरे देताना धरलेली भूमिका आधीच सांगतो. काम सोपे झाल्याने माणूस बिघडत नाही. मात्र शिकताना जे अडखळावे लागते आणि शिकल्यावर जो सराव ठेवावा लागतो, ती दोन्ही यंत्राने परस्पर उरकली तर कौशल्य रुजत नाही किंवा टिकत नाही, आणि त्याच्या मागोमाग उमेदही जाते.

कौशल्य झिजते म्हणजे नेमके काय होते?

तीन निरनिराळ्या गोष्टींना आपण हे एकच नाव देतो. पहिली गोष्ट म्हणजे येत असलेले काम सरावाअभावी कच्चे होणे. आकड्यांची उभी रांग नजरेनेच बेरजेत आणणारा हिशेबनीस काही वर्षे संगणकावर काम करू लागला की त्याचा तो वेग राहत नाही. पण समज राहते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे, आणि ती म्हणजे कौशल्य मुळात तयारच न होणे. ज्याने कधी हाताने हिशेब केलाच नाही, त्याच्यापाशी झिजण्यासारखेही काही नसते.

तिसरी गोष्ट सहज लक्षात येत नाही. यंत्राने दिलेले उत्तर बरोबर आहे की चूक, हे ओळखण्याची शक्ती जाते. ४,८५० रुपयांवरील १८ टक्के कर पडद्यावर ८,७३० रुपये दिसला, तर आकड्यांशी घसट असलेला माणूस तत्क्षणी थांबतो, कारण कर मूळ किमतीहून जास्त असूच शकत नाही आणि खरा आकडा ८७३ असायला हवा. ज्याची ही घसट तुटली आहे तो पावती फाडून देतो. चूक टंकणाऱ्याची असते, पण ती पकडण्याची जागा मोकळी पडलेली असते.

अशी तक्रार प्रत्येक पिढीत झाली आहे. मग आताच एवढी काळजी कशाला?

तक्रार जुनी आहे हे खरेच. 'पाणिनीय शिक्षा' या वेदांच्या उच्चारांविषयीच्या जुन्या ग्रंथात अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत पोथीत पाहून म्हणणाऱ्याची गणना केली आहे. लेखनामुळे माणसांची स्मृती दुबळी होईल, असे म्हणणे प्लेटोने सॉक्रेटिसाच्या तोंडी घातले आहे. दोघांचेही म्हणणे चुकीचे ठरले असे सरसकट सांगितले जाते, पण ते मला पटत नाही. लेखन आल्यावर सर्वसाधारण माणसाची पाठांतराची शक्ती खरोखरच कमी झाली. तिच्या बदल्यात जे मिळाले ते कितीतरी मोठे होते, म्हणून तो व्यवहार फायद्याचा ठरला एवढेच. शिवाय वेदपाठाची परंपरा पोथ्या हाताशी असूनही टिकली, ती पद, क्रम, जटा, घन अशा, शब्द सुटे करून आणि फिरवून म्हणण्याच्या पाठांची कठोर शिस्त घालून घेतल्यामुळे आणि ती शिस्त वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या पाठशाळा असल्यामुळे. म्हणजे साधन आले तरी कौशल्य जपता येते, पण ते आपोआप जपले जात नाही.

आताचा फरक असा की पोथीने साठवण्याचे काम घेतले आणि कॅल्क्युलेटरने आकडेमोडीचे. काय मांडायचे, कशाने सुरुवात करायची, कोणता मुद्दा आधी घ्यायचा, हे ठरवणे माणसाकडेच राहिले होते. मजकूर तयार करणारी आजची यंत्रे नेमके हेच काम उचलतात. आणि ती एकाच वेळी शाळेत, दवाखान्यात, वकिलाच्या कचेरीत आणि वर्तमानपत्राच्या संपादन विभागात पोहोचली आहेत.

पावकी, निमकी, दिडकी हे पाढे कॅल्क्युलेटरमुळेच गेले ना?

नाही. सोळा आण्यांचा रुपया, शेर, पावशेर, मण अशा व्यवहारात पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि औट म्हणजे साडेतीन यांच्या पटी रोज लागत असत, म्हणून पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी मुलांकडून घोकून घेतली जात. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली आणि त्याच सुमारास मेट्रिक वजने-मापेही टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. खिशात मावणारा इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर तेव्हा जगात कोठेच नव्हता. व्यवहार बदलला, म्हणून त्या व्यवहाराचे पाढेही मागे पडले. त्याबद्दल हळहळ वाटू शकते, पण त्याला ऱ्हास म्हणणे योग्य नाही.

बे ते वीसपर्यंतच्या पाढ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची गरज गेलेली नाही. बीजगणिताचे उदाहरण सोडवताना सात आठे छप्पन यासाठी ज्याला थांबून यंत्र काढावे लागते, त्याचा मुख्य विचाराचा धागा तेवढ्यात तुटतो, कारण एका वेळी मनात धरता येणाऱ्या गोष्टी फार थोड्या असतात. पाढे पाठ असण्याचा उपयोग गुणाकार लवकर होण्यापेक्षा, मन अवघड भागासाठी मोकळे राहण्यात आहे.

कष्ट वाचले, तर त्यात गमावण्यासारखे काय असते?

पुष्कळदा काहीच नसते. यंत्राच्या हव्यासावर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनीही शिवणयंत्राचा अपवाद केला होता. गावोगाव पिठाची गिरणी आली, तेव्हा पहाटे उठून जाते ओढण्याचे बायकांचे काम संपले, आणि ते संपायलाच हवे होते. जात्याच्या घरघरीविषयी हळव्या होऊन लिहिलेल्या मजकुरात, ते जाते ओढणाऱ्या बाईचे खांदे आणि तिची अपुरी झोप सहसा नसते.

तरीही त्या कष्टाला एक मोठी गोष्ट बिलगलेली होती. जात्यावर बसल्यावर बाई ओवी गात असे, आणि नुसती गात नसे तर रचत असे. आई, भाऊ, माहेर, सासुरवास, पंढरीचा विठ्ठल, बाबासाहेब आंबेडकर असे विषय त्या दोन-तीन ओळींत येत. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला शब्द जुळवण्याचा हा रोजचा सराव होता, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती, आणि पहाटेची ती वेळ तिची स्वतःची असे. हेमा राईरकर, गी पॉइटवाँ हे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील गावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात वाचता-ऐकता येतात. नवी ओवी रचणारा आवाज मात्र संग्रहात ठेवता येत नाही.

गिरणीने ओवी मारली असे मी म्हणणार नाही. कष्ट काढून घेताना त्या कष्टाच्या आधाराने काय जगत होते, हे कोणी विचारले नाही आणि त्याला दुसरी जागाही करून दिली नाही, ही खरी चूक होती. एखादे काम यंत्राला देताना हाच प्रश्न आधी विचारायला हवा.

एखादे कौशल्य समाजातून पूर्णपणे गेले तर कोणाचे काय अडते?

मोडी लिपीचे उदाहरण पाहावे. हात न उचलता भरभर लिहिण्यासाठी ती सोयीची होती. छापखान्यात मात्र देवनागरीचे खिळे रुळले, शाळेत बालबोध म्हणजे देवनागरीच शिकवली जाऊ लागली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारातून गेली. तेव्हा कोणाचे काही अडले नाही. पण जमिनीचे जुने दस्तऐवज, वतनाची कागदपत्रे आणि दप्तरखान्यांतील रुमालांत बांधलेला इतिहास मोडीतच राहिला. २०२३ मध्ये राज्यात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची जिल्ह्याजिल्ह्यांत गरज पडली आणि ती माणसे मोजकीच निघाली. २०१४ मध्ये मोडी युनिकोडमध्ये आली हे चांगले झाले, पण चिन्हांना संगणकात जागा मिळाल्याने झरझर लिहिलेला जुना कागद वाचता येत नाही.

विमान चालवण्यात यंत्र माणसापेक्षा अचूक आहे. मग वैमानिकाने हाताने चालवण्याचा सराव का ठेवायचा?

कारण यंत्र सोपे काम स्वतः करते आणि अवघड काम माणसाकडे टाकते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये हे फार स्पष्टपणे मांडले. स्वयंचलित व्यवस्थेत माणसाला नुसते लक्ष ठेवायला बसवले जाते, त्यामुळे त्याचा हात सुटतो. आणि यंत्राला झेपेनासे झाले की, नेमक्या त्याच वेळी, सूत्रे त्याच्या हाती दिली जातात. अशा क्षणी साधे नव्हे तर नेहमीपेक्षा अधिक कसब लागते, आणि ते टिकवण्याची संधी त्याला मिळालेलीच नसते.

रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान १ जून २००९ रोजी अटलांटिकवर असताना वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या बर्फाच्या कणांनी चोंदल्या. वेगाचे आकडे एकमेकांशी जुळेनात, तेव्हा ऑटोपायलट रचनेप्रमाणे आपोआप सुटला. विमान त्या वेळी उडण्यायोग्य होते. नाक पातळीत ठेवून इंजिनांची शक्ती कायम ठेवली असती तर काही वेळात आकडे पूर्ववत झाले असते. पण गोंधळलेल्या वैमानिकाने नाक वर उचलले, पंखांखालचा हवेचा आधार सुटला, आणि विमान खाली पडत असतानाही नाक वरच धरलेले राहिले. साडेचार मिनिटांच्या आत ते समुद्रात कोसळले आणि सर्व २२८ जण मृत्युमुखी पडले. फ्रान्सच्या तपास संस्थेने २०१२ च्या अंतिम अहवालात जी कारणे नोंदवली, त्यांत एवढ्या उंचीवर विमान हाताने हाताळण्याचे प्रशिक्षण वैमानिकांना मिळालेले नव्हते, हे एक होते. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने योग्य परिस्थितीत हाताने उड्डाण करण्यास उत्तेजन द्यावे, अशी सूचना विमान कंपन्यांसाठी काढली.

स्वयंचलनामुळे विमानप्रवास पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित झाला आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. कोणीही ऑटोपायलट काढा असे म्हणत नाही. मात्र सराव ठेवण्याची जबाबदारी वैमानिकाच्या वैयक्तिक निष्ठेवर सोडून चालत नाही. ती वेळापत्रकात आणि नियमांत बसवावी लागते. विमानवाहतुकीने हे मोठी किंमत मोजून शिकले, इतर क्षेत्रांनी ते अजून शिकायचे आहे.

डॉक्टरांच्या बाबतीतही असे घडते का?

घडू शकते, अशी पहिली ठोस चिन्हे दिसली आहेत. पोलंडमधील चार केंद्रांत मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ही मदत येण्यापूर्वीच्या आणि ती रुळल्यानंतरच्या, पण यंत्राच्या मदतीशिवायच केलेल्या तपासण्यांची तुलना केली होती. पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आले होते. हे नव्याने शिकणारे विद्यार्थी नव्हते, अनुभवी डॉक्टर होते. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, रुग्णांच्या प्रकारातील फरकाचाही त्यात वाटा असू शकतो, म्हणून एवढ्यावरून अंतिम निष्कर्ष काढू नये. रुग्णाने तर यामुळे यंत्राची मदत नाकारू नये, कारण मदत चालू असताना गाठी अधिक सापडतात असे अनेक चाचण्यांत दिसले आहे.

शस्त्रक्रियेत हीच अडचण दुसऱ्या रूपाने येते. पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया आता बहुतेक वेळा दुर्बिणीने होते आणि रुग्ण लवकर बरा होतो. पण आत गुंतागुंत निघाली तर पोट उघडावे लागते, आणि नव्या पिढीतील शल्यविशारदाने तशा शस्त्रक्रिया कमी पाहिलेल्या असतात. म्हणजे जी शस्त्रक्रिया सर्वांत अवघड, तिचाच अनुभव सर्वांत कमी.

मोबाइलवरील नकाशामुळे खरोखरच मेंदूवर परिणाम होतो का?

लंडनच्या काळ्या टॅक्सीचा परवाना मिळवण्यासाठी चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिसरातील सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात आणि त्याला तीन-चार वर्षे लागतात. मेंदूच्या अभ्यासक एलेनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले की या चालकांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाची मागची बाजू इतरांपेक्षा मोठी असते. आणि २०११ च्या अभ्यासात, ही वाढ परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवारांत प्रशिक्षणाच्या काळात झाल्याचे दिसले. म्हणजे वाटा शोधण्याच्या श्रमाने मेंदू घडतो. नेहमी दिशादर्शक वापरणाऱ्यांची स्थळस्मृती कमजोर आढळते असेही काही अभ्यास सांगतात, पण ते लहान आहेत. अनोळखी शहरात नकाशा जरूर वापरावा. रोजच्या वाटेवर तो बंद ठेवायला काहीच लागत नाही.

मुलांनी अभ्यासासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरावी की नाही?

ती कशी वापरली जाते यावर उत्तर अवलंबून आहे, आणि या बाबतीत एक चांगला प्रयोग उपलब्ध आहे. तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर गणिताच्या तासांना तो केला गेला. काही मुलांना सरळ उत्तर देणारे संभाषणयंत्र मिळाले, काहींना केवळ इशारे देणारे आणि उत्तर न सांगणारे, तर काहींना फक्त पुस्तक आणि वही. सरावाच्या वेळी पहिल्या गटाचे गुण वही-पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी आणि इशारेवाल्या गटाचे १२७ टक्क्यांनी अधिक होते. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली. तेव्हा सरळ उत्तरे मिळालेल्या मुलांचे गुण, ज्यांना यंत्र कधी मिळालेच नव्हते त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी कमी पडले. इशारेवाल्या गटाचे असे नुकसान झाले नाही.

मला यातील सर्वांत महत्त्वाची बाब वेगळीच वाटते. सरावाचे गुण पाहणाऱ्या पालकाला किंवा शिक्षकाला मूल उत्तम चालले आहे असेच वाटले असते. नुकसान यशाच्या रूपात समोर येते, म्हणून ते वेळीच दिसत नाही. त्यामुळे घरी एक साधा क्रम पाळावा. उदाहरण आधी स्वतः सोडवायला घ्यावे, अडल्यावर जिथे अडले तेवढेच विचारावे, आणि समजल्यावर वही मिटून तेच उदाहरण पुन्हा करावे. निबंधाच्या बाबतीत पहिला खर्डा मुलाचाच असावा, मग तो कितीही ओबडधोबड असो. खर्डा लिहितानाच आपल्याला काय म्हणायचे आहे हे कळते. दुसऱ्याचा खर्डा दुरुस्त करताना ते कळत नाही.

काम सोपे झाले तर उमेद वाढायला हवी. ती कमी का होते?

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी अनेक दशके केलेल्या संशोधनानुसार आतून येणारी ओढ तीन गोष्टींवर पोसली जाते : हे मी माझ्या मर्जीने करतो आहे ही जाणीव, मला हे जमते आहे ही जाणीव, आणि आपल्या माणसांशी असलेले नाते. यंत्राने काम केले की फळ मिळते, पण 'मला जमले' ही जाणीव मिळत नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि साडेतीन हजारांहून अधिक लोक सहभागी असलेल्या प्रयोगमालिकेत हेच दिसले. यंत्राच्या मदतीने केलेले लेखन सरस ठरले. पण पुढचे काम एकट्याने करताना ती सरसता टिकली नाही, आणि कामाची ओढ कमी होऊन कंटाळा वाढला.

म्हणूनच 'मुले हल्ली आळशी झाली आहेत' हे निदान मला अन्यायाचे वाटते. ज्याला स्वतःच्या प्रगतीची चव कधी लागली नाही, त्याला मेहनतीची हौस असावी अशी अपेक्षा करणे चूक आहे. आधी थोडे जमावे लागते, त्यानंतर ओढ येते.

यंत्र माणसाला हरवू लागले की त्या क्षेत्रात उतरण्यात अर्थ राहतो का?

या प्रश्नाला दोन खरी उत्तरे आहेत. गो या पटावरच्या खेळातील दक्षिण कोरियाचा थोर खेळाडू ली सेडॉल मार्च २०१६ मध्ये आल्फागो या संगणक-प्रणालीकडून ४-१ असा हरला. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याने व्यावसायिक खेळातून निवृत्ती घेतली. आपण अव्वल झालो तरी कधीच न हरवता येणारे काही तरी तिथे असणारच, अशा आशयाचे कारण त्याने दिले. त्याची निराशा खरी होती आणि तिला कमी लेखू नये.

दुसरीकडे, त्याच खेळातील १९५० ते २०२१ या काळातील ५८ लाखांहून अधिक चालींचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात, यंत्राने माणसाला मागे टाकल्यानंतर माणसांचे निर्णय अधिक चांगले आणि अधिक नवे झाल्याचे आढळले. बुद्धिबळात १९९७ सालीच डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारॉव्हला हरवले होते. त्यानंतर आठ वर्षांनी जन्मलेली नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हंपीला नमवून महिला विश्वचषक जिंकली आणि त्याबरोबरच ग्रँडमास्टर झाली. तिच्या पिढीने यंत्राच्या मदतीनेच तयारी केली आहे.

बुद्धिबळात हे का साधले याचे कारण नियमांत आहे. तयारीला यंत्र चालते, पण प्रत्यक्ष डावात ते पूर्ण निषिद्ध असते. पटावर बसल्यावर विचार खेळाडूलाच करावा लागतो आणि हार-जीतही त्याचीच असते. शाळा आणि कार्यालये यांनी अशी सीमा अजून आखलेली नाही.

संगीतासारख्या कलेत यंत्राने काय बिघडते?

तंबोऱ्याचे उदाहरण घेतो, कारण ते मला फार जवळचे वाटते. पूर्वी गाणे शिकायला आलेल्याला आधी तंबोरा लावायला शिकावे लागे. पंचम, जोडाच्या दोन तारा आणि खर्ज जुळवायचे, घोडीवर तारेचा नाद खुलवणारा जवारीचा दोरा किंचित पुढे-मागे सरकवायचा, आणि तार भरून बोलेपर्यंत कान देऊन बसायचे. नीट लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून गंधार आपोआप ऐकू येतो, आणि तो ऐकू येईपर्यंत तयार होणारा कान पुढे गळ्याला शिकवतो. आता मोबाइलवर पट्टी निवडली की सुरेल आवाज सुरू होतो आणि कधीच उतरत नाही. त्यामुळे सूर हलला आहे हे ओळखण्याची आणि तो स्वतः जागेवर आणण्याची वेळच विद्यार्थ्यावर येत नाही.

इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचे उपकारही मोठे आहेत. लहान जागेत राहणाऱ्याला, परदेशात एकट्याने रियाज करणाऱ्याला, ज्याच्या घरी वाद्य घेण्याइतके पैसे नाहीत त्याला त्याने सूर दिला. म्हणून रोजच्या रियाजाला तो खुशाल वापरावा. मात्र आठवड्यातून काही वेळ खरा तंबोरा लावण्यासाठी राखावा, आणि गुरूंनी तो लावून न देता लावायला लावावा. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो लावता येणारे कान कमी होत गेले, तर त्या मानांकनाने कारागिरांचे पोट भरणार नाही.

नोकरीत नव्याने आलेल्यांचे काय?

त्यांची काळजी मला सर्वांत जास्त वाटते. कनिष्ठ वकिलाने जुने निकाल धुंडाळायचे, नव्या उपसंपादकाने बातमी तीनदा लिहायची, शिकाऊ अभियंत्याने ज्येष्ठांचे गणित तपासायचे, या कंटाळवाण्या कामांतूनच पुढचे ज्येष्ठ घडत आले. ही कामे यंत्र झटपट करते, म्हणून ती नवोदितांना देणे संस्थांना महागाचे वाटू लागले आहे. आजच्या ज्येष्ठांना यंत्राची चूक ओळखता येते, कारण त्यांनी ते काम स्वतः केलेले आहे. ते निवृत्त होतील तेव्हा ही ओळख कोणापाशी असेल, याचा विचार संस्थांनी आताच करायला हवा. निदान पहिली दोन वर्षे नवोदितांचे काही काम यंत्राविना व्हावे आणि ज्येष्ठाने ते बसून तपासावे, एवढे तरी ठरवून घ्यावे.

मग कोणती कौशल्ये जपावीत आणि कोणती सोडून द्यावीत?

सर्व जपणे अशक्य आहे आणि आवश्यकही नाही. फोन क्रमांक पाठ ठेवणे, लॉगटेबल चटकन पाहणे ही कसबे गेली तरी हरकत नाही. मी स्वतः तीन कसोट्या लावतो. यंत्र बंद पडल्यास कोणाचा जीव किंवा हक्क धोक्यात येणार असेल तर ते कौशल्य सक्तीने जपावे. ते दुसऱ्या मोठ्या कौशल्याचा पाया असेल, जसे पाढे, वाचन, स्वतःच्या शब्दांत लिहिणे, तर ते लहानपणी पक्के झाल्याशिवाय यंत्राकडे देऊ नये. आणि जे करण्यात स्वतःला आनंद मिळतो, ते यंत्र अधिक चांगले करत असले तरी सोडू नये; त्यासाठी उपयुक्ततेचा दाखला देण्याची गरज नाही.

गेलेले कौशल्य परत मिळवता येते का?

एकदा नीट शिकलेले असेल तर बऱ्याच अंशी येते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवले होते की विसरल्यासारखी वाटणारी गोष्ट पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. संस्थांनाही हे जमते. अमेरिकेच्या नौदल अकादमीने उपग्रहांच्या भरवशावर बंद केलेले, ताऱ्यांवरून जहाजाचे स्थान काढण्याचे शिक्षण २०१५ मध्ये पुन्हा सुरू केले, कारण उपग्रहाचे संकेत अडवले जाऊ शकतात हे लक्षात आले. व्यक्तीने सुरुवात लहान आणि ठरलेल्या वेळी करावी : रोज एक पान हाताने लिहावे, महिन्याचा घरखर्च कागदावर जुळवावा, ओळखीच्या भागात नकाशाविना फिरावे. पहिले काही दिवस चिडचिड होते, ती अपेक्षितच आहे.

जे कधी शिकलेच नाही त्याला मात्र ही सवलत मिळत नाही. तिथे पहिल्यापासून शिकावे लागते आणि शिकवणारा माणूस हाताशी असावा लागतो. म्हणून कशापासून सुरुवात करावी असे कोणी विचारले, तर मोडी वाचणे किंवा तंबोरा लावणे यांसारखी, शिकवणारे थोडे उरलेली कौशल्ये आधी घ्यावीत असे मी सुचवतो. पाढे आणि हस्तलेखन शिकवणारे घरोघर सापडतील.